जगातल्या राजकीय पक्षांची मराठी सूची : नाव बदललं, फूट पडली, तर कार्ड एक की दोन?

कार्डवाला परळ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज बसलोच.

मी मुंबईतल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं तालिकाकार होतो, म्हणजे पुस्तकांच्या नोंदींची कार्डं लिहायचो. संगणक आला, लाकडी कार्डकपाटं निघाली, तेव्हा कोरी राहिलेली कार्डं मी मागून घेतली. पाच बाय तीन इंचांची, खाली मधोमध सळईसाठी भोक. गेली दोन वर्षं त्यांच्यावर जगातल्या राजकीय पक्षांची सूची करतोय. देशवार, मराठीत. मूळ नाव देवनागरीत, त्याचा अर्थ, स्थापना, कशातून निघाला, कशात विलीन झाला, चिन्ह, आज आहे की नाही. बाराशेच्या आसपास कार्डं झाली आहेत, बुटांच्या खोक्यांत उभी लावून ठेवलीत.

हे का, तर एमएची मुलं मराठीत पेपर लिहायची आणि एकाच जर्मन पक्षाचं नाव तीन पुस्तकांत तीन तऱ्हांनी मिळायचं. तीन वेगळे पक्ष समजून मुलं उत्तर लिहायची. चूक त्यांची नव्हती, त्यांच्यापुढे नीट सूची नव्हती. ते मला फार लागायचं.

आता अडलोय कुठे ते सांगतो. संस्थेचं नाव बदललं तर ग्रंथालयाचा नियम सरळ आहे : नव्या नावाला नवं कार्ड, दोन्हींवर एकमेकांकडे बोट दाखवणारी 'हेही पाहा' नोंद. पुस्तकांसाठी हा नियम उत्तम, कारण पुस्तकावर छापलेलं नाव बदलत नाही. पण मेक्सिकोचं बघा. १९२९ मध्ये तिथे राष्ट्रीय क्रांतिकारी पक्ष निघाला, १९३८ मध्ये तो मेक्सिकन क्रांतीचा पक्ष झाला आणि १९४६ मध्ये संस्थात्मक क्रांतिकारी पक्ष, म्हणजे आजचा पीआरआय. नियमाने तीन कार्डं. पण त्या देशाबद्दल पहिलं सांगायचं ते हे की १९२९ पासून २००० पर्यंत राष्ट्राध्यक्षपद सलग याच पक्षाकडे राहिलं. तीन कार्डं केली की ते एकाही कार्डावर दिसत नाही.

उलट बाजूने आपली शिवसेना. १९ जून १९६६ ची एक संघटना. ऑक्टोबर २०२२ मध्ये निवडणूक आयोगाने नाव आणि धनुष्यबाण दोन्ही गोठवलं, एका बाजूला 'बाळासाहेबांची शिवसेना' आणि ढाल-तलवार, दुसऱ्या बाजूला 'शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे)' आणि मशाल. १७ फेब्रुवारी २०२३ ला मूळ नाव आणि धनुष्यबाण शिंदे यांच्याकडे गेलं. आता १९६६ हे साल मी कोणत्या कार्डावर लिहू? दोन्ही बाजू ते आपलं म्हणतात. चार महिन्यांपुरत्या असलेल्या त्या नावाला वेगळं कार्ड का? हे कार्ड आठ वेळा लिहून आठ वेळा फाडलं.

एक विनंती : खरी कोणती, खोटी कोणती हा वाद इथे नको. त्यासाठी दुसरे धागे आहेत. मला नोंद कशी करायची तेवढं सांगा.

खिळेजुळारी

काका, तुमचा धागा वाचून काल माळ्यावरचा डबा खाली काढला.

वडील गिरगावात एका छापखान्यात खिळे जुळवायचे. निवडणूक आली की हँडबिलांचं काम रात्रभर चालायचं. चिन्हांचे ठसे असत, लाकडी ठोकळ्यावर जस्ताचा पत्रा ठोकलेले. छापखाना बंद झाला तेव्हा वडिलांनी ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरून घरी आणले. बैलजोडी आहे, पणती आहे, झोपडी आहे, विळा-कणीस आहे, हत्ती आहे, झाड आहे. बैलजोडीचा ठसा सगळ्यांत जास्त झिजलाय, एका बैलाचं शिंग तर जवळजवळ सपाट झालंय. झाडाच्या ठशाच्या फटींत अजून काळी शाई बसलेली आहे. वडील सांगायचे, १९६७ ला जॉर्ज फर्नांडिस दक्षिण मुंबईत स. का. पाटलांविरुद्ध उभे होते तेव्हा या ठशाने किती छपाई केली त्याला गणती नाही.

मला सुचतंय ते एवढंच : पक्ष ओळखायला चिन्हावर विसंबू नका. काँग्रेसची बैलजोडी १९६९ च्या फुटीनंतर गोठली. मग इंदिरा गांधींच्या काँग्रेसला गायवासरू आणि संघटना काँग्रेसला चरखा चालवणारी बाई. १९७८ ला पुन्हा फूट, तेव्हा पंजा आला. पण पहिल्या निवडणुकीत, १९५१-५२ ला, हाताचा पंजा फॉरवर्ड ब्लॉकच्या रुईकर गटाचा होता! रुईकर म्हणजे नागपूरचे कामगार पुढारी. आणि हत्ती तेव्हा शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा, पुढे रिपब्लिकन पक्षाचा, आता बसपाचा. आसामात मात्र हत्ती आसाम गण परिषदेचा. धनुष्यबाणाचंही तसंच, झारखंडात तो झारखंड मुक्ती मोर्चाचा.

कोर्टाच्या वाटेवर

वकिली करते, निवडणुकीची प्रकरणं थोडी हाताळली आहेत. कार्डवाला काका, तुमची अडचण एका कार्डात दोन गोष्टी कोंबल्यामुळे झाली आहे असं मला वाटतं. पक्ष ही एक गोष्ट, त्याची नोंदणी ही दुसरी.

आपल्याकडे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-अ खाली पक्षाची नोंदणी होते आणि हे कलम १९८९ पासूनचं आहे. म्हणजे १९५२ ला लढलेले पक्ष या अर्थाने 'नोंदणीकृत' नव्हतेच. नोंदणी वेगळी, मान्यता वेगळी. मान्यता १९६८ च्या चिन्ह आदेशाखाली, मतं आणि जागा बघून. एप्रिल २०२३ मध्ये आम आदमी पक्ष राष्ट्रीय झाला आणि त्याच दिवशी तृणमूल, राष्ट्रवादी आणि भाकपची राष्ट्रीय मान्यता गेली. पक्ष तेच राहिले, दर्जा बदलला. तुमच्या कार्डावर 'राष्ट्रीय पक्ष' एवढंच लिहिलं असेल तर ते अपुरं आहे, कधीपासून कधीपर्यंत ते हवं.

फुटीचं म्हणाल तर चिन्ह आदेशाच्या परिच्छेद १५ खाली दोन गटांत मूळ पक्ष कोणता ते आयोग ठरवतो. १९६९ च्या काँग्रेसफुटीवरून सादिक अली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, १९७१ चा निकाल आहे, आणि बहुमताची कसोटी तिथून रुळली. आयोग चिन्हाचा आणि नावाचा वाद सोडवतो, तुमच्यासाठी इतिहास लिहून देत नाही. म्हणून सूचीने निकाल द्यायचा नाही. कोणी, कधी, कोणत्या कारणासाठी निकाल दिला ते लिहायचं.

आणि यादीतून नाव गेलं म्हणजे पक्ष मेला असं धरू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये आयोगाने ३३४ अमान्यताप्राप्त पक्ष नोंदणीतून काढले, सप्टेंबरमध्ये आणखी ४७४. कारण काय, तर सलग सहा वर्षं एकही निवडणूक लढवली नाही. जर्मनीच्या १९६७ च्या पक्ष कायद्यातही सहा वर्षांचीच अट आहे : तेवढ्या काळात संसदेच्या किंवा राज्याच्या निवडणुकीला स्वतःचे उमेदवार दिले नाहीत तर कायद्याच्या लेखी पक्ष राहत नाही. संघटना म्हणून ती माणसं जमतच असतात.

तुम्हाला नेपाळचं प्रकरण नक्की आवडेल. मे २०१८ मध्ये एमाले आणि माओवादी केंद्र हे तिथले दोन कम्युनिस्ट पक्ष एकत्र आले, नाव घेतलं 'नेपाळ कम्युनिस्ट पक्ष'. त्या नावाचा पक्ष ऋषी कट्टेल यांनी आधीच नोंदवलेला होता. ते न्यायालयात गेले आणि ७ मार्च २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने विलीनीकरणच रद्द केलं. दोन्ही जुने पक्ष पुन्हा जिवंत झाले. जवळजवळ तीन वर्षं देशावर राज्य केलेल्या पक्षाचं कार्ड तुम्ही फाडणार का? माझ्या मते नाही.

सेनापतीबापट_रोड

वाचनखूण साठवली. कोर्टाच्या वाटेवर, प्रतिसाद अप्रतिम.

रकानेवाली गोरेगाव

काका, मी दिवसभर तक्ते आणि डेटाच हाताळते, म्हणून माझ्या बाजूने.

नावाला कार्ड देऊ नका. पक्षाला एक क्रमांक द्या, ज्याला काहीच अर्थ नाही असा. मग वेगळ्या कार्डांवर नावं : या क्रमांकाचं हे नाव, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत. तसंच चिन्हं, तसंच दर्जा. आणि चौथा गठ्ठा नात्यांचा : हा त्यातून फुटला, हे दोन मिळून तो झाला. मेक्सिको मग एक क्रमांक आणि तीन नावं. नेपाळ तीन क्रमांक, विलीनीकरणाचं नातं आणि त्या नात्याला शेवटची तारीख. संशोधक मंडळीही हेच करतात. 'पार्टी फॅक्ट्स' म्हणून एक प्रकल्प आहे, तो वेगवेगळ्या अभ्यासांतल्या पक्षांच्या याद्या एकमेकींना जोडण्याचंच काम करतो, कारण प्रत्येकाने आपापल्या परीने पक्ष मोजले आणि ते जुळेनात.

आघाडी आणि पक्ष मात्र वेगळे ठेवा. १९५६ ची संयुक्त महाराष्ट्र समिती पक्ष नव्हती, पण तिच्याशिवाय मुंबईचा इतिहास लिहिताच येणार नाही. जर्मनीत सीडीयू आणि सीएसयू संसदेत एकाच गटात बसतात, सीएसयू फक्त बव्हेरियात लढतो आणि सीडीयू तिथे लढत नाही. बातम्यांत दोघांचं एकच नाव असल्यासारखं येतं, पण पक्ष दोन आहेत. ब्रिटनमध्ये सहकारी पक्ष १९१७ पासून आहे, त्याचे खासदार मजूर पक्षाचेही असतात. एका माणसावर दोन पक्षांची नावं. तुमच्या कार्डावर तेवढी जागा आहे ना?

कार्डवाला परळ

रकानेवाली ताई, जागा करतो. क्रमांकाची कल्पना मला आधी पटली नव्हती, कारण खोक्यातून कार्ड काढताना हात नावाकडे जातो. पण नावांची कार्डं वर्णानुक्रमे आणि पक्षांची क्रमाने असे दोन गठ्ठे केले तर दोन्ही साधतं. काल रात्री दक्षिण आफ्रिकेवर करून पाहिलं. एएनसी : ८ जानेवारी १९१२ ची साऊथ आफ्रिकन नेटिव्ह नॅशनल काँग्रेस, १९२३ मध्ये आजचं नाव, आफ्रिकन नॅशनल काँग्रेस. एक क्रमांक, दोन नावं. मग उमखोंतो वे सिझ्वे. हे एएनसीच्या सशस्त्र शाखेचं नाव, आणि २०२३ मध्ये त्याच नावाचा नवा पक्ष नोंदवला गेला, माजी राष्ट्राध्यक्ष जेकब झुमा त्याचं नेतृत्व करू लागले. एएनसीने नाव आणि चिन्हावरून दावे केले, पण २०२४ च्या निवडणुकीत पक्ष त्याच नावाने लढला. नाव एक, क्रमांक दोन. जुन्या पद्धतीत इथेच गफलत झाली असती.

स्थापनेच्या सालाबद्दल कोणी सांगेल का? भाकप १९२५ चं कानपूर मानतो, माकप १९२० चं ताश्कंद. एकाच झाडाची दोन मुळं दोघे सांगतात. चीनचा पक्ष १ जुलै साजरा करतो, प्रत्यक्षात शांघायची पहिली बैठक १९२१ च्या २३ जुलैला सुरू झाली. जर्मनीचा सोशल डेमोक्रॅटिक पक्ष, एसपीडी, १८६३ धरतो, ते समाजवादी पुढारी लासालच्या कामगार संघटनेचं साल. आजचं नाव त्याने १८९० मध्ये घेतलं.

उपसंपादक_दादर

आयुष्य वर्तमानपत्राच्या टेबलावर गेलं, म्हणून नावांबद्दल बोलतो. सालाबद्दल माझं एकच मत : पक्ष स्वतः सांगतो ते एका ओळीत, कागदपत्र सांगतं ते दुसऱ्या ओळीत. दोन्ही छापा.

आता भाषांतर. आम्ही ब्रिटनच्या कॉन्झर्व्हेटिव्हांना 'हुजूर पक्ष' आणि लेबरला 'मजूर पक्ष' लिहीत आलो. मथळ्याच्या दोन रकान्यांत अक्षरं मोजून बसवावी लागत, तिथे ही जोडी सोन्यासारखी होती. वाचकाच्या ओठावर ती आजही आहे आणि ती घालवू नका. पण मुख्य नोंद त्या नावाने करू नका, कारण 'मजूर पक्ष' म्हटलं की इस्रायलचा, नॉर्वेचा, ऑस्ट्रेलियाचा, मॉरिशसचा १९३६ चा, सगळे रांगेत येऊन उभे राहतात. आणि आपला स्वतःचा? १९३६ मध्ये बाबासाहेबांनी इथेच मुंबई इलाख्यात काढलेला स्वतंत्र मजूर पक्ष, ज्याने १९३७ ची निवडणूक लढवली.

नुसतं भाषांतर करून ठेवलं तर वाचक फसतो. डेन्मार्कमध्ये 'वेन्स्ट्रे' म्हणून १८७० चा पक्ष आहे. शब्दाचा अर्थ 'डावा'. पक्ष आहे मध्यम-उजवा. नाव पडलं तेव्हा राजनिष्ठ उजव्यांच्या विरोधात ते डावे होते, नाव राहिलं आणि राजकारण सरकलं. कार्डावर तुम्ही 'डावा पक्ष' लिहिलंत की मुलाचा पेपर गेला. पोर्तुगालचा सोशल डेमोक्रॅटिक पक्ष उजवीकडचा, ऑस्ट्रेलियाचा लिबरल पक्ष तिथला पुराणमतवादी. म्हणून : आधी मूळ उच्चार देवनागरीत, मग शब्दाचा अर्थ, मग प्रवृत्ती वेगळ्या ओळीत. 'हुजूर', 'मजूर' ही 'पाहा' नोंद.

उच्चारासाठी त्या त्या देशाचं रेडिओ ऐका. इंग्रजीतून आलेलं नाव घेऊ नका, तिथेच तीन तऱ्हा होतात.

हेगहून_परत

चार वर्षं नेदरलँड्सला होते, शेजारी दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामच्या आजी राहायच्या, घरात सरनामी, म्हणजे तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांची बोली, बोलायच्या. त्या आपल्या पक्षाला 'हत्ती' म्हणायच्या, नाव क्वचितच घ्यायच्या. तो पक्ष म्हणजे वेहापे, लिहिताना व्हीएचपी. १९४९ ला तो 'फेरेनिखडे हिंदोस्तान्से पार्टाय', म्हणजे संयुक्त हिंदुस्तानी पक्ष होता. मध्ये 'वतन हितकारी' झाला, आणि आज त्याचं नाव 'प्रगत सुधारणा पक्ष' अशा अर्थाचं डच नाव आहे. तिन्ही वेळा आद्याक्षरं तीच! एका समाजाचा पक्ष म्हणून निघालेल्याला सगळ्या देशाचा व्हायचं होतं, पण आजींसारख्या मतदारांची ओळख मोडायची नव्हती. २०२० ला त्यांचे चान संतोखी राष्ट्राध्यक्ष झाले. काका, आद्याक्षरांनाही एक ओळ द्या. मतदाराच्या हातात कधी कधी तेवढंच असतं.

सारख्या नावांवरून आठवलं. १९९४ च्या युरोपीय निवडणुकीत इंग्लंडमधल्या डेव्हन भागात रिचर्ड हगेट नावाचे उमेदवार 'लिटरल डेमोक्रॅट' म्हणून उभे राहिले आणि १०,२०३ मतं घेऊन गेले. लिबरल डेमोक्रॅट तिथे ७०० मतांनी हरले. ब्रिटनमध्ये १९९८ ला पक्षनोंदणीचा कायदा आला त्यामागे हे प्रकरण होतं. जपानमध्ये तर मतदार प्रमाणशीर मतपत्रिकेवर पक्षाचं नाव स्वतः लिहितो. २०२१ ला दोन पक्षांनी 'मिन्शुतो' हे एकच संक्षिप्त नाव दिलं होतं. नुसतं तेवढं लिहिलेली मतं दोघांत त्यांच्या इतर मतांच्या प्रमाणात वाटली गेली.

चेंबूरची_लेक

मी फार लिहीत नाही, पण हा धागा सोडवेना.

आमच्या घरात 'रिपब्लिकन' हा एकच शब्द होता. आजोबा कोणत्या गटात होते हे आजीला विचारलं तर ती म्हणायची, "पक्षात होते." ३ ऑक्टोबर १९५७ ला नागपूरला पक्ष स्थापन झाला. बाबासाहेबांनी तो मनाशी आखला होता, पण स्थापना बघायला ते राहिले नाहीत. त्यानंतर किती गट झाले ते तुम्ही मोजालच. खोब्रागडे, गवई, कवाडे, आठवले, आणि प्रकाश आंबेडकरांचा भारिप ते वंचित हा वेगळा प्रवास. वर्तमानपत्रं त्याची थट्टा करतात, यादीत आम्ही 'इतर गट' म्हणून शेवटी येतो.

माझी मागणी एवढीच की तुमच्या सूचीत 'इतर' हा शब्द नको. प्रत्येक गटाला त्याचा क्रमांक, त्याची तारीख, त्याचा मूळ पक्षाशी दुवा. आणि १९४२ ची फेडरेशन आणि १९३६ चा स्वतंत्र मजूर पक्ष यांच्याकडेही दुवा जाऊ दे, कारण ते नामांतर नव्हतं. ते तीन वेगळे विचार होते, पहिल्यात कामगारही होता. माझ्या आजोबांनी तिन्हींचं काम केलं.

खिळेजुळारी

ताई, हत्तीचा ठसा फेडरेशनच्या वेळचा आहे. मागे वडिलांनी पेन्सिलीने '५२' लिहिलंय. तुम्हाला बघायचा असेल तर जरूर या.

कार्डवाला परळ

चेंबूरच्या ताई, 'इतर' लिहिलेली माझ्याकडे अकरा कार्डं होती. तुमचा प्रतिसाद वाचून सगळी मोडली. त्यातल्या एकावर पोलंडचा बिअरप्रेमींचा पक्ष होता. त्यालाही मी गंमत म्हणून 'इतर'मध्ये टाकलं होतं, आणि १९९१ ला त्यांचे १६ जण संसदेत निवडून आले होते, मग मोठा बिअर आणि लहान बिअर अशी फूट पडली. नाव हलकं वाटलं म्हणून मी पक्ष हलका धरला. तालिकाकाराने हे करायचं नसतं.

परवा ग्वालिया टँकला जाऊन आलो. २८ डिसेंबर १८८५ ला गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत ७२ प्रतिनिधी जमले आणि काँग्रेस सुरू झाली ती इथेच. जमलेल्यांनी त्याला पक्ष म्हटलं नव्हतं, ती वर्षाला एकदा भरणारी सभा होती. पक्ष ती नंतर झाली. म्हणून स्थापनेच्या ओळीखाली आता आणखी एक ओळ घातली आहे : 'निवडणूक प्रथम लढवली'. बऱ्याच पक्षांच्या बाबतीत ही दोन सालं लांब पडतात, आणि मधल्या काळात काय होतं ते विद्यार्थ्याला शोधावंसं वाटेल.

नववं कार्ड आज लिहिलं. इथे उतरवतो, चूक असेल तर सांगा.

शिवसेना. ग्रंथालयाचा वर्गांक (भारतातले पक्ष) ३२४.२५४. स्थापना १९ जून १९६६, मुंबई, बाळ ठाकरे. २०२२ पासून दोन गट, दोघांचाही स्थापनेवर दावा. भारतीय निवडणूक आयोग, १७ फेब्रुवारी २०२३ : नाव व धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटास. हेही पाहा : शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे), मशाल, महाराष्ट्र नवनिर्माण सेना, ९ मार्च २००६. नाव, ऑक्टोबर २०२२ ते फेब्रुवारी २०२३ : बाळासाहेबांची शिवसेना, ढाल-तलवार.

दुसऱ्या कार्डावर हाच मजकूर उलट्या बाजूने आहे, १९६६ तिथेही आहे, दाव्याचा उल्लेख तिथेही आहे.

कोर्टाच्या वाटेवर

'गटास' नंतर 'न्यायालयात आव्हान' जोडा. बाकी बरोबर.

कार्डवाला परळ

जोडलं. खिळेजुळारी, रविवारी दहाच्या सुमारास गिरगावात येतो, चेंबूरच्या ताईही येतो म्हणाल्यात. ठशांचे छाप घ्यायला शाईचं पॅड आणि कोरी कार्डं मी आणतो. झोपडी तेवढी आधी पुसून ठेवा, प्रजा समाजवादीच्या कार्डावर अजून चिन्ह नाही.